दोनशे चौदा

कुसुमताईंनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, मीटरच्या खड्ड्यावरच्या लोखंडी झाकणावर मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसल्या. पदर खोचला, चष्मा वर सरकवला. मग समोर पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाला म्हणाल्या,

"हं. आता बोल."

त्याचं नाव बबलू, पण वय पन्नाशीला टेकलेलं. काचीगुड्याच्या या गल्ल्यांमधले नळ जोडण्यात आणि तोडण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. मराठी त्याला सगळं समजायचं, बोलायचा मात्र आपलीच भाषा.

"अम्मा, उठो ना. लाइन बंद करना बोले."

"कोण बोले?"

"साब बोले."

"मग साहेबाला सांग, अम्मा उठत नाही बोले."

"दो महिने का बिल बाकी है अम्मा. नोटीस भी आई ना आपको?"

"आली. उत्तरही दिलंय. ते वाचलं का कुणी?"

बबलूनं पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ताईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जामबागेतल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि निवृत्त फक्त शाळेतून झाल्या होत्या. वाण्याची बेरीज, रिक्षावाल्याचे सुटे, देवळातल्या वर्गणीची यादी, सगळं अजून त्यांच्याकडूनच तपासून जायचं. कुसुमताईंचा आकडा चुकला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणायची कुणाची छातीही नव्हती.

भांडण होतं ते आकड्याचंच. ताई खाली एकट्या राहायच्या, वर भाडेकरू नवराबायको आणि त्यांचं दोन वर्षांचं पोर. पाणी एक दिवसाआड, तेही दीड तास. महिन्याला तेरा-चौदा हजार लिटरच्या वर वापर कधी गेला नव्हता आणि तेवढ्याला सरकारी सवलतीनं बिल शून्य यायचं. दोन महिन्यांपूर्वी एके दिवशी ताई बँकेतून परतल्या तर फाटकात खोचलेल्या कागदावर सत्त्याण्णव हजार लिटर! एवढं पाणी संपवायचं तर अंगणात हत्ती बांधायला हवा. मीटरवरचा एक आकडा म्हणजे हजार लिटर. मागचा आकडा दोनशे एक, हे बरोबर. चालू आकडा छापला होता दोनशे अठ्ठ्याण्णव. आणि ताईंनी त्याच सकाळी स्वतः ओणवं होऊन, काच पुसून, टॉर्च मारून वाचला होता दोनशे चौदा. वाचून दर महिन्याप्रमाणे खड्ड्याच्या वरच्या भिंतीवर खडूनं लिहूनही ठेवला होता.

"उघडून बघ ना एकदा," ताई बबलूला म्हणाल्या. "आत्ता मीटरवर किती आहे ते बघ. अजून अडीचशेसुद्धा झाले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी अठ्ठ्याण्णव कुठून आले?"

"हम पढ़ते नहीं अम्मा. रीडर पढ़ते. हमारा काम खाली बंद करने का."

"म्हणजे झाकण उघडलं की तू वॉल्व्ह बंद करणार."

"हौ."

"मग नाही उघडत."

बबलूला हसू आवरेना. खरेपणाचा पुरावा बाईंच्या खुर्चीखाली दोन हातांवर होता आणि तो दाखवायला उठलं की पाणी जात होतं. ताईंना मात्र हसू आलं नाही. दोन महिने त्या जीव तोडून सांगत होत्या, कुणीतरी या आणि डोळ्यांनी बघा. ऑफिसातून दर वेळी एकच उत्तर, रीडरनं बघितलंय, रीडरनं लिहिलंय.

मुलगा विवेक माधापूरला राहायचा. त्यानं पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, "आई, मी भरून टाकतो ऑनलाइन. दोन मिनिटांचं काम."

"भरलंस तर याद राख."

"अगं पण एवढ्याशा पैशांसाठी..."

"पैशांसाठी नाही रे! मी वापरलं नाही ते पाणी मी वापरलं म्हणून कबूल करायचं? उद्या म्हणशील, चोरीचाही दंड भरून टाकू, दोन मिनिटांचं काम."

शेवटी त्यांनी तक्रार लिहिली. दोन पानं, मराठीत. विवेकनं ती कुरकुरत इंग्रजीत केली आणि पाठवून दिली. तिच्यात ताईंनी साफ लिहिलं होतं की, नवी रीडर बाई मीटर न बघता मनाचे आकडे टाकते. झाकणावर ठेवलेली कुंडी जागची हललेली नाही, म्हणजे झाकण उघडलेलंच नाही. भिंतीवर आकडा ढळढळीत लिहिलेला असताना तोही वाचायची तसदी घेतलेली नाही. अशा कामचुकार माणसांना घरी बसवावं. पुढच्या महिन्यात ती बाई आली तेव्हा ताईंनी फाटकाचं कुलूपच काढलं नाही. मग बिल मागच्या महिन्यावरून अंदाजानं आलं, म्हणजे पुन्हा सत्त्याण्णव.

बबलूचा फोन वाजला. तो फाटकापर्यंत गेला, हौ साब, हौ साब करत परत आला आणि पाना पिशवीत घातला.

"आपका काम हो गया अम्मा. लाइन नहीं काटते. बिल भी ठीक कर देते बोले."

"मीटर न बघताच?"

"आपकी कंप्लेंट पास हो गई. वो रीडर मैडम है ना, उनको निकाल दिए."

ताई खुर्चीवरून उठल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "मी बोलले नव्हते?" बबलू गेल्यावर त्यांनी कुंडी परत झाकणावर ठेवली आणि दुपारी स्वतःपुरता शिरा केला.

शिऱ्याचं पातेलं विसळत होत्या तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. स्कूटी लावून एक तिशीची बाई उभी होती. निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, तोंड उन्हानं रापलेलं. ओळखपत्रावर भाग्यलक्ष्मी असं इंग्रजीत होतं. ताईंनी गेल्या महिन्यात कुलपाआडून पाहिली होती तीच ही. रडायला आली असेल, असं ताईंना वाटलं आणि त्यांनी चेहरा कडक केला.

पण भाग्यलक्ष्मी रडायला आलेली नव्हती.

"टीचरम्मा, आप झूठ कायकू लिखे?"

"काय म्हणालीस?"

"कंप्लेंट में. मैं मन से डाली बोलके लिखे आप. मैं मन से नहीं डाली. सोमवार को मशीन वापस करना, बैज वापस करना बोले. जाओ तो जाओ, मेरे कू दूसरा काम मिल जाता. झूठी बोलके नहीं जाती मैं."

"झाकण उघडलं होतंस?"

"नहीं."

"बघ!"

"अंबाजी सर बोले थे नक्को खोलना बोलके." अंबाजी म्हणजे आधीचा रीडर, देगलूरकडचा. श्रावणात निवृत्त झाला. "काम सिखाए ना उनो मेरे कू. बोले, उस घर का झाकण खोलने की जरूरतच नहीं. टीचरम्मा दीवार पे लिखके रखते, वो मीटर से सच्चा रहता. तो मैं दीवार का देखके वोच डाली. फोटो भी निकाली."

तिनं मोबाइल पुढे केला. ताईंनी चष्मा सारखा करून पाहिलं. त्यांचीच भिंत होती, त्यांचाच खडू. तारीख, आणि तिच्याखाली टपोरा आकडा, २१४.

"अगं मग हेच तर सांगतेय मी!" ताईंचा आवाज चढला. "लिहिलंय ना स्वच्छ! दोनशे चौदा! डोळे आहेत की बटणं?"

"हौ ना, साफ है. दो सौ अठ्ठानवे."

"दो सौ चौदह!"

"अठ्ठानवे, अम्मा." भाग्यलक्ष्मीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि एकेका आकड्यावर नख ठेवत वाचला. "टू. नाइन. एट."

ताई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तर नख एकावर होतं आणि कानात नाइन होतं. नख चारावर गेलं होतं आणि कानात एट.

त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला. वर गोल पोट, खाली शेपूट. एकाला पोट हवं, शेपूट मोडू नका, असं त्या दरवर्षी पहिलीच्या वर्गात जाऊन मुद्दाम शिकवायच्या. चाराचे दोन्ही हात वर उचललेले, टोकं जवळजवळ भिडलेली, खाली घट्ट गाठ. त्यांच्या चाराची तर मुख्याध्यापकसुद्धा तारीफ करायचे. दोन मात्र मराठीत वाचा की इंग्रजीत, दोनच. अंबाजी देगलूरचा होता, मराठी शाळेत शिकलेला. तो हे आकडे आयुष्यभर दोनशे चौदाच वाचत आला होता.

"क्या हुआ अम्मा?"

ध चा मा झाला होता, तोही त्यांच्याच हातानं. आणि हे बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ताईंच्या तोंडून ते निघालं नाही.

"पाणी पिणार?" त्या म्हणाल्या.

"नक्को."

"बरं. बघते मी. सोमवारी बघते."

भाग्यलक्ष्मी मोबाइल घेऊन निघून गेली. स्कूटीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. ताई फाटकाशी उभ्याच होत्या.

रविवारचा दिवस त्यांना खायला उठला. सकाळी त्यांनी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला एक ते दहा आकडे लिहिले. पुन्हा लिहिले. यात चूक ती कोणती? काही नाही! एक हा असाच असतो. त्यांच्या सासऱ्यांच्या मोंढ्यातल्या दुकानाची सगळी चोपडी याच आकड्यांत होती. वाचता येत नाही तर विचारायचं, फोन करायचा, शेजारी कुणाला हाक मारायची. सरकारी मशीनमध्ये आकडा घालतेस आणि समोरचं अक्षर ओळखत नाहीस? मग वाटलं, विचारायचं कसं? नऊ दिसला तर नऊ का, असं कोण विचारतं? तिला वाटलं असतं तर विचारलं असतं ना. आणि वाटलं नाही याचं कारण काय, तर टीचरम्माचं लिहिलेलं मीटरपेक्षा खरं असतं.

शेवटी त्यांना स्वतःचाच राग आला. एकतीस वर्षं पोरांना सांगितलं, चूक झाली तर खोडरबर शोधू नका, आधी हात वर करा. आणि काल हात वर करायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या काय, तर पाणी पिणार?

दुपारी विवेकचा फोन आला. "जिंकलीस म्हणे! बबलू भेटला होता पोरीच्या क्लासबाहेर. आता तरी शांत राहा."

"विवेक, २१४ मराठीत लिहिलं तर तुला वाचता येईल?"

"हे काय मधेच?"

"येईल का?"

"एकदम नाही, पण अंदाजानं... आई, मराठी आकडे कोण लिहितं आता? तूच तर मला इंग्लिश मीडियममध्ये घातलंस."

खरं होतं. मराठी शाळेतल्या सगळ्याच बायांनी आपापली पोरं इंग्रजी शाळेत घातली होती आणि स्टाफरूममध्ये त्यावर कुणी बोलायचं नाही. ताईंनी फोन ठेवला आणि कागद काढून पत्र लिहायला घेतलं.

सोमवारी दहाला त्या पाण्याच्या ऑफिसात पोचल्या. बाहेरच्या बाकावर भाग्यलक्ष्मी बसली होती. बिलाचं मशीन मांडीवर, ओळखपत्राची दोरी मशीनला गुंडाळलेली. तिनं ताईंना पाहिलं आणि मान फिरवली. ताई तिच्याजवळ थांबल्या.

"आत चल माझ्याबरोबर."

"मेरे कू अभी बुलाए नहीं."

"मी बोलावते आहे ना. चल."

आतल्या टेबलामागे पस्तिशीचा अधिकारी होता. ताईंना बघून तो उठूनच उभा राहिला.

"या आज्जी, बसा! मी कौस्तुभ. मी पण मराठीच, आपण सुलतानबाजारचे. आमचे आजोबा इकडेच आले होते बीडहून." त्याचं मराठी घरात ऐकून शिकलेलं होतं, वाक्याच्या शेवटी थोडं अडखळणारं. "तुमची कंप्लेंट मीच वर पाठवली. म्हटलं आपल्या माणसाचं काम आहे, झालं पाहिजे. बिल झिरो करून टाकतो आज."

"मीटर बघितलंत?"

"गरज काय? रीडर फॉल्ट टाकलं की सिस्टम आपोआप रिव्हाइज करते."

ताईंनी त्याच्या टेबलावरचा कागद ओढला, त्याच्याच पेननं त्यावर तीन आकडे लिहिले, २१४, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. "हे वाचा."

"हे काय, रीडिंग? टू नाइंटी एट."

"नीट बघा."

"दोनशे अठ्ठ्याण्णव. बरोबर ना?" त्यानं एवढं अचूक मराठी बोलल्याबद्दल कौतुकाची वाट पाहिली.

"मग आणखी एकाला काढावं लागेल," ताई म्हणाल्या.

"कोणाला?"

"तुम्हाला. तिनं जे वाचलं तेच तुम्ही वाचलंत. तिला काढलं, मग तुम्हाला का ठेवायचं? हे दोनशे चौदा आहे. भिंतीवर मी लिहिलं होतं, मराठीत. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून जसं दिसलं तसं मशीनमध्ये घातलं. मी मात्र तिला खोटी ठरवली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आहे, साहेब, आणि ती मी दिली आहे."

कौस्तुभनं कागद उचलला. त्यानं तो थोडा तिरका करून पाहिला, पुन्हा सरळ केला. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे आज्जी, चूक तुमची?"

"तक्रार चूक. आकडा बरोबर."

"पण सिस्टममध्ये तसं नसतं ना. तीनच ऑप्शन येतात. मीटर फॉल्ट, रीडर फॉल्ट, कन्झ्युमर फॉल्ट. रीडर काढायचं तर कन्झ्युमर टाकावं लागेल. मग बिल परत चढणार, दोन्ही महिन्यांचं." त्यानं आवाज खाली आणला. "कशाला आज्जी? तुमचं काम झालंय. ही काँट्रॅक्टची बाई, एजन्सी दुसरीकडे लावेल तिला कुठेतरी."

"टाका कन्झ्युमर."

"आणि बिल?"

"बिल मी भरणार नाही."

"आज्जी!"

"आधी माणूस पाठवा, झाकण उघडून मीटर बघा, मग बोला. तोवर लाइन तोडायला पाठवायचं तर पाठवा. मी घरीच असते." ताईंनी पिशवीतून घडी केलेलं पत्र काढलं. "हे घ्या. तक्रार मागे घेतल्याचं. यात सगळं लिहिलंय."

कौस्तुभनं पत्र उलगडलं. पानभर ताईंचं गोटीबंद अक्षर होतं. दोन ओळींवर त्याची नजर अडखळत फिरली आणि त्यानं ते खाली ठेवलं.

"ठीक आहे, मी फाइलला लावतो. तुम्ही सांगितलंत ते कळलं मला." त्यानं शिक्का उचलला.

"साब, रुको," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

इतका वेळ ती दाराशी उभी होती. ती पुढे आली, मशीन टेबलावर ठेवलं आणि ताईंकडे वळली.

"अम्मा, शनिवार को फोटो देखे ना आप. उसीच वक्त समझे थे?"

ताईंकडे आजवर प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, आणि एकाच्या जागी दोन.

"हौ," त्या म्हणाल्या.

"और बोले नहीं."

"नाही बोलले. लाज वाटली."

"दो दिन मैं घर में मुंह छुपाके बैठी. मरद पूछा, सास पूछी, कितने का घपला करी बोलके."

"माझं चुकलं. सगळ्यांसमोर म्हणते, माझं चुकलं."

"बोलना नहीं होना मेरे कू. कंप्लेंट लिखके दिए ना? ये भी लिखके दो."

"लिहिलंय की! हे बघ, सगळं आहे यात."

"ये मेरे कू पढ़ने नहीं आता. साब कू भी नहीं आता. कल कोई पूछा तो मैं क्या दिखाना?" तिनं पत्रावर बोट ठेवलं. "तेलुगु में लिखो."

"अहो, काय हे," कौस्तुभ मध्ये पडला. "आज्जींना इंग्लिशमध्ये देऊ दे ना, मी टाइप करतो."

"मैं आप से नहीं मांग रही साब."

ताईंनी पेन घेतलं. कौस्तुभनं पुढे केलेला कोरा कागद सरळ लावून घेतला. मग पेनाचं टोक कागदावर टेकवून त्या तशाच थांबल्या. लग्न होऊन या गावात आल्याला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. भाजीवालीशी भाव करण्याइतकं, शेजारणीचं दुखणं-खुपणं विचारण्याइतकं तेलुगू त्यांना येत होतं. बसच्या पाट्या मात्र त्या अजून नंबरावरून ओळखायच्या.

"मला लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी वर्गात हजारदा ऐकलं होतं. स्वतः पहिल्यांदाच म्हणत होत्या.

भाग्यलक्ष्मीनं टेबलावरचं एक जुनं बिल उलटं केलं, त्याच्या पाठीवर भरभर चार ओळी लिहिल्या आणि ताईंच्या कागदाशेजारी ठेवल्या. "देखके उतारो."

ताई उतरवू लागल्या. सगळी अक्षरं गोल. गोल सुरू कुठून करायचा आणि संपवायचा कुठं, काही कळेना. एकेक अक्षर त्या बोटानं धरून ठेवायच्या, बघायच्या, मग काढायच्या. ओळ वाकडी जायला लागली तेव्हा डाव्या हातानं कागद दाबून धरला. बाहेर दोन-तीन माणसं येऊन खोळंबली होती. कौस्तुभ त्यांना हातानंच थांबा म्हणाला.

"आज्जी," तो हळूच म्हणाला, "काय लिहिलंय ते मी वाचून दाखवू? सही करण्याआधी माहीत असावं."

"नको."

"काहीही लिहिलं असेल तिनं."

"असू दे. तिनं माझं लिहिलेलं तपासलं होतं का?"

चार ओळी व्हायला वीस मिनिटं गेली. शेवटी ताईंनी खाली आपली सही केली, मराठीत, नेहमीसारखी, आणि कागद भाग्यलक्ष्मीकडे दिला. तिनं तो उभ्यानंच वाचला. एकेका शब्दाखालून नख फिरवत तिसऱ्या ओळीपर्यंत आली आणि थांबली.

"अम्मा, ये 'तप्पु' है ना, तप्पु लिखे आप."

तप्पु म्हणजे चूक, एवढं ताईंना येत होतं. "कुठं?"

"नीचे छोटा 'प' होना. वो छूट गया."

"एवढं चालतं हो," कौस्तुभ म्हणाला. "कळतंय ना सगळं. आणा, मी शिक्का मारतो."

"नहीं चलता," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"नाही चालत," कुसुमताईही म्हणाल्या, आणि त्यांनी कौस्तुभकडे दुसरा कागद मागितला.